सायकलवर टांग टाका, बॉस!

सकाळचे सव्वानऊ. नळस्टॉपचा सिग्नल. एसी फुल्ल, गाणी फुल्ल आणि गाडी... जागच्या जागी! शेजारून एक शाळकरी पोरगा सायकलची घंटी वाजवत आरामात पुढे सटकला. दोन सिग्नल गेले तरी मी तिथेच. तेव्हा डोक्यात किडा वळवळला. कोथरूड ते सेनापती बापट रोड, जेमतेम सहा किलोमीटर. एकट्या माझ्यासाठी हजार किलोचं धूड कशाला ढकलायचं?

थोडं गणित करू. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ सालच्या पाहणीत, सगळ्यात रखडत चालणाऱ्या शहरांमध्ये पुणं जगात चौथं आलं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं! म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर. रमतगमत चालवलेली सायकलही ताशी १५ गाठते. सहा किलोमीटरला फरक फक्त चार मिनिटांचा. तेवढा वेळ तर मी बेसमेंटमध्ये पार्किंग शोधण्यात घालवायचो.

गणित जमलं, पण पाय काही उचलेना. कारण? सांगतो, हसू नका. लाज! लोन काढून गाडी घेतली, सोसायटीत पेढे वाटले आणि आता सायकल? पहिल्याच दिवशी ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीच्या मामांनी अडवलं. "साहेब, सायकल इथं नाही लावायची. मागं, जनरेटरपाशी." वर लिफ्टमध्ये टीममधल्या एकाने विचारलंच, "काय रे, पेट्रोल परवडत नाही का?"

गंमत बघा, हेच पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. बाबा वर्षानुवर्षं सायकलवरूनच कामावर गेले. त्यांना कुणी असलं काही विचारलं नाही.

आता कामाच्या गोष्टी. महागडी सायकल नको. मडगार्ड, कॅरिअर आणि दणकट कुलूप मात्र हवंच. सीटची उंची अशी ठेवा, की टाच खालच्या पेडलवर टेकवली तर पाय सरळ होईल. गुडघे दुआ देतील! टायरवर हवेचं प्रेशर छापलेलं असतं, तेवढी हवा ठेवा. निम्मे कष्ट कमी. हेल्मेट आणि पुढे-मागे दिवे, यात नो कॉम्प्रमाइज. घामाचं टेन्शन? ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक शर्ट आणि नॅपकिन ठेवा आणि चढावर शहाणपणा करू नका. मी तर पहिला आठवडा सेनापती बापट रोडच्या चढावर सरळ उतरून चालायचो.

सगळं गोड गोड आहे असंही नाही. सायकल ट्रॅक मध्येच संपतो, नाहीतर त्यावर बाइक्स लावलेल्या असतात. बस खेटून गेली की अजूनही पोटात गोळा येतो. म्हणून मी पाच मिनिटं जास्त लागली तरी आतल्या गल्ल्यांतून जातो. आणि गाडी विकलेली नाही. धो धो पाऊस असला किंवा आईला दवाखान्यात न्यायचं असलं, की ती निघतेच. तुम्हीही सुरुवात आठवड्यातून दोन दिवसांनी करा.

तीनेक महिन्यांनी मामांनी एका सकाळी हाक मारली. "साहेब, मागं नका लावू. पावसात गंजते. इथं छपराखाली लावा, माझ्या सायकलशेजारी."

मामा रोज सायकलनेच येतात, हे मला त्या दिवशी कळलं!