भोजपूरचे नकाशे आणि संगणकाची आज्ञावली

भोपाळपासून सुमारे २८ किलोमीटरवरचे भोजपूरचे शिवमंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. राजा भोजाच्या नावाशी जोडलेले अकराव्या शतकातील हे मंदिर अपुरेच राहिले; परंतु त्याचे आराखडे भोवतालच्या खडकांवर कोरलेले आजही दिसतात. इमारतीशेजारी तिचा नकाशा सापडावा, हे भाग्य संगणकाच्या आज्ञावलीला क्वचितच लाभते.

आज्ञावली लिहिली जाते माणसाला वाचता येईल अशा भाषेत. लिहिणारा राशींना ‘व्याज’, ‘शिल्लक’ अशी नावे देतो, मधूनमधून टिपणे लिहितो. कंपायलर या मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करतो, तेव्हा टिपणे गळतात, नावेही बहुधा पुसली जातात आणि उरतात केवळ आकडे. एखाद्या पतपेढीजवळ एवढेच उरले, मूळ मजकूर हरवला आणि व्याजाची आकारणी तेवढी नव्या आज्ञावलीत हवी असली, तर काय करावे?

तेवढाच तुकडा कापून घ्यावा, असे कोणालाही वाटेल. पण तो तुकडा दुसरीकडे ठेवलेल्या राशी पत्त्यावरून मागवीत असतो, इतर तुकड्यांना हाका मारीत असतो. जागा बदलली की पत्ते चुकतात. त्याला माहिती कोणत्या क्रमाने द्यावयाची आणि तो उत्तर कोठे ठेवतो, हेही कळावे लागते. विंडोजच्या डीएलएल फायलींत अडचण थोडी कमी होते, कारण बाहेरून वापरता येणाऱ्या तुकड्यांची यादी फायलीतच असते. मात्र ती यादी सहसा नावे सांगते, मागण्याची रीत सांगत नाही.

म्हणून तुकडा उचलण्यापेक्षा तो समजून घेऊन नव्याने लिहिणे बरे. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली आला. त्याच्या बायॉसला पर्याय देताना १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने हेच केले. काहींनी मूळ बायॉस अभ्यासून तो काय करतो एवढेच लिहून काढले. ज्याने मूळ पाहिलेच नव्हते, त्याने त्या वर्णनावरून नवा लिहिला. गंमत अशी, की आयबीएमने तो मजकूर आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापलेलाच होता. नकाशा उघड्यावर होता, आणि तो न पाहिलेला माणूसच कामाचा ठरला!

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही १९९९ च्या दुरुस्तीने अशा अभ्यासाला वाट दिली. आपली स्वतंत्र आज्ञावली दुसरीशी जुळविण्यास आवश्यक माहिती सहज मिळत नसेल, तर आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला ती शोधता येते. तुकड्याची नक्कल विकण्याची मुभा मात्र त्यात नाही.

नवे लिहून झाल्यावरही जुनी आज्ञावली टाकून देऊ नये. दोघींना तीच खाती द्यावीत आणि उत्तरे पैशापर्यंत ताडून पाहावीत. फरक निघाला, तर पूर्णांक करण्याची रीत आधी तपासावी. ठेवीदाराचे पैसे तिच्यावर ठरतात, आणि ती पुष्कळदा कोणी कागदावर लिहून ठेवलेली नसते.