धमनीची सावली आणि धमनीचा आजार

"अँजिओग्राफी झाली. एक ब्लॉक सत्तर टक्के निघाला, दुसरा पन्नास." असे वाक्य आज तालुक्याच्या गावीही ऐकू येते. आकडा ऐकून घरची माणसे हबकतात आणि पुढचा निर्णय घाईत होतो. पण सत्तर टक्के म्हणजे कशाचे सत्तर टक्के? आणि त्या चित्रात काय दिसत नाही? हे समजण्यासाठी शाळेतील भूमिती आणि भौतिकशास्त्र बऱ्याच अंशी पुरते.

हृदय रक्ताने भरलेले असले तरी त्याच्या जाड स्नायूला आतल्या रक्तातून थेट ऑक्सिजन घेता येत नाही. तो पुरवतात महाधमनीच्या मुळाशी निघणाऱ्या दोन करोनरी धमन्या. सुरुवातीला त्यांचा व्यास जेमतेम तीन-चार मिलिमीटर असतो. रक्त आणि स्नायू क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात, म्हणून साध्या छायाचित्रात या धमन्या वेगळ्या दिसत नाहीत. आयोडीनचा अणू मात्र जड (अणुक्रमांक ५३). तो क्ष-किरण चांगले शोषतो. आयोडीनयुक्त द्रव धमनीत सोडला की तिची सावली उमटते. प्रश्न होता तो तेथवर न्यायचा कसा हा.

१९२९ साली जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण विभागात चालत जाऊन तिचे छायाचित्र काढून घेतले. त्या काळी हे वेडे धाडस ठरले, पण १९५६ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. करोनरी धमनीत द्रव थेट सोडला तर रुग्ण दगावेल, अशी समजूत त्यानंतरही होती. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स महाधमनीची तपासणी करीत असताना नळीचे टोक नकळत उजव्या करोनरी धमनीत शिरले आणि द्रव तिच्यातच गेला. रुग्णाचे हृदय काही क्षण थांबले, त्याला खोकायला सांगताच पुन्हा सुरू झाले. थोडा द्रव हृदय सहन करते, हे अशा रीतीने कळले. करोनरी अँजिओग्राफीचा जन्म हा असा आहे.

आता आकड्याकडे वळू. 'सत्तर टक्के' हा सहसा व्यासातील घट सांगणारा आकडा असतो. फळ्यावर हे मांडून पाहावे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्यास निम्मा झाला की वाट चौथा हिस्सा उरते. सत्तर टक्के घटला तर उरते फक्त नऊ टक्के! प्वाझेच्या नियमानुसार तर दाब आणि लांबी तीच असता, लांब नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. मग हा रुग्ण तग कसा धरतो? शरीर म्हणजे काचेची नळी नव्हे. अरुंद जागा धमनीच्या छोट्याशा भागातच असते आणि तिच्या पुढच्या सूक्ष्म धमन्या रुंदावून तूट भरून काढतात. विश्रांतीत काहीच जाणवत नाही. जिना चढताना मागणी वाढते, तूट भरत नाही आणि छाती भरून येते.

ही वाट रुंद करण्याची युक्ती आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये करोनरी धमनीत यशस्वी केली. नळीच्या टोकाशी बसवलेला चिमुकला फुगा अरुंद जागी नेऊन फुगवायचा. आज त्यासाठी सुमारे दहा वातावरणांचा, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या चौपट-पाचपट दाब देतात. पण पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांत ती जागा पुन्हा आवळत असे. म्हणून १९८६ पासून धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवू लागले. पुढे तिच्यावर पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप आला. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली होती.

येथवर सारे नळकामासारखे वाटते, पण आजार वाटेत नसून भिंतीत आहे. अँजिओग्राफीत सावली दिसते ती वाहत्या रक्ताची, भिंतीची नव्हे. १९८७ साली सेमूर ग्लॅगॉव्ह व सहकाऱ्यांनी दाखवले, की भिंतीत मेदाचा थर साठू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूस फुगते. त्यामुळे वाट बराच काळ शाबूत दिसते. अशा थरावरचे पातळ आवरण फाटले की त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि हृदयविकाराचा झटका येतो. पुष्कळ झटके आधी फारशा अरुंद नसलेल्या जागीच येतात, ते यामुळे.

म्हणून नवी साधने भिंत पाहतात, किंवा अडथळ्याचा परिणाम मोजतात. नळीच्या टोकावरून ध्वनितरंग वा अवरक्त प्रकाश सोडून आतून भिंतीचा छेद पाहता येतो. सीटी अँजिओग्राफीत हृदयापर्यंत नळी न घालताही भिंतीतील थर दिसतात. दाब मोजणारी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात आणि औषधाने सूक्ष्म धमन्या रुंदावतात. अलीकडचा दाब १०० आणि पलीकडचा ७५ भरला, तर गुणोत्तर ०.७५. ते ०.८० किंवा कमी असेल तर अडथळा खरोखर आड येतो असे मानतात.

मग स्टेंट केव्हा? झटका चालू असताना बंद धमनी तातडीने उघडल्याने जीव वाचतो, तेथे मिनिटे मोलाची असतात. श्रमानंतरच दुखणाऱ्या स्थिर आजाराची गोष्ट वेगळी. भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवरील 'इस्किमिया' हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि औषधांनी सुरुवात केलेल्यांत, मृत्यू व झटक्यांच्या प्रमाणात सुमारे तीन वर्षांत लक्षणीय फरक आढळला नाही. छातीत दुखणे मात्र पहिल्या गटात अधिक कमी झाले. डाव्या मुख्य धमनीतील मोठा अडथळा, फार दुर्बल हृदय किंवा औषधांनी न आवरणाऱ्या वेदना असलेले रुग्ण त्यात घेतलेले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

कारण उघड आहे. स्टेंट एक जागा रुंद करतो. रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणारी औषधे आणि तंबाखूचा त्याग साऱ्या धमन्यांच्या भिंतींवर काम करतात. छातीत अचानक दडपण येऊन घाम फुटला तर विचार करीत न बसता रुग्णालय गाठावे. पण रुग्ण स्थिर असेल आणि हाती फक्त टक्क्यांचा आकडा असेल, तर डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: या अडथळ्याने रक्तपुरवठा खरोखर किती घटतो? आणि स्टेंटने वेदना कमी होतील, की आयुष्यही वाढेल?