मैदानावरच्या कागदाची किंमत

जून महिन्यात लातूर किंवा नांदेडच्या कोणत्याही चौकात उभं राहून वर बघितलं, की फ्लेक्सवर मुलामुलींचे चेहरे दिसतात. पासपोर्ट फोटोतला गंभीर चेहरा, खाली नाव आणि वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे गुण. त्यात हातात चषक घेतलेला एखादा चेहरा शोधायचा तर बराच वेळ उन्हात थांबावं लागेल.

अमेरिकेत गोष्ट उलटी होती. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने इलिनॉय राज्यातल्या दहा हायस्कूलचा अभ्यास करून 1961 साली पुस्तक लिहिलं. शाळेत तुझी आठवण कोण म्हणून राहावी, या प्रश्नावर मुलांची पहिली पसंती होती खेळाडू म्हणून. हुशार विद्यार्थी त्यानंतर. अभ्यास आणि खेळ या दोन्हीत चमकणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळा पुरस्कार देण्याची प्रथा तिथे रुजली, त्यामागे हा झुकलेला काटा सरळ करण्याचा विचार असावा. आपल्याकडे काटा दुसऱ्या बाजूला झुकलाय आणि तो सरळ करायची फारशी कुणाला घाई दिसत नाही.

मग लातूर-नांदेडच्या शाळकरी खेळाडूला मिळालेल्या बक्षिसाचं पुढे होतं काय? चषक शोकेसमध्ये जातो. जपला जातो तो कागद. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढताना मिळालेली प्रमाणपत्रं लॅमिनेट होऊन प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये बसतात, आणि आई ती फाइल शाळेच्या दाखल्याबरोबर, रेशनकार्डाबरोबर कपाटात ठेवते. दहावी-बारावीला याच कागदांवर क्रीडा सवलतीचे वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव शाळेतून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे आणि तिथून लातूर विभागीय मंडळाकडे जातो. लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तिन्ही जिल्हे या मंडळाखाली येतात. खेळाची पातळी जितकी वरची, तितके गुण जास्त. मात्र ज्या परीक्षेसाठी इथे घरं भाड्याने घेतली जातात आणि वेळप्रसंगी शेतीचा तुकडा विकला जातो, त्या नीटमध्ये मैदानाचा एकही गुण धरला जात नाही. पालकांचा हिशेब इथेच ठरतो. ‘यंदा दहावी आहे, खेळ बंद’ हे वाक्य मराठवाड्यातल्या किती क्रीडाशिक्षकांनी ऐकलं असेल!

मैदानाचे गुण मोजणारी एक परीक्षा मात्र आहे, आणि ती गावोगावच्या पोरांना तोंडपाठ आहे. पोलीस भरती. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी 100 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर धावणं आणि गोळाफेक. अभ्यास आणि अंगमेहनत दोन्ही तपासणारी याहून सरळ परीक्षा आपल्याकडे दुसरी नसेल. आठवीत शाळेकडून धावलेली मुलगी इथे पहाटे रस्त्यावर नव्याने पळायला लागलेल्यांच्या पुढे असते. त्याखेरीज राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे शाळेत सुरू झालेला खेळ पुढे नोकरीपर्यंत पोचवू शकतो. कागदाला एवढी किंमत आली की खोटा कागदही येतोच. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाच्या बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं मराठवाड्यात गाजली, आणि त्याचा भुर्दंड खरोखर घाम गाळलेल्यांना पडताळणीच्या लांबलचक रांगेत भरावा लागला.

पुरस्काराने आयुष्य घडतं, की मुळातच घडणाऱ्या मुलाला पुरस्कार मिळतो? हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. बेट्सी स्टीव्हनसन या अर्थतज्ज्ञ बाईंनी त्यावर चांगला मार्ग काढला. 1972 साली अमेरिकेत शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा आला आणि हायस्कूलच्या मैदानावर मुलींची संख्या एकदम वाढली. ही वाढ प्रत्येक राज्यात सारखी नव्हती; तो फरक धरून त्यांनी 2010 मध्ये निष्कर्ष मांडला. खेळणाऱ्या मुलींचं प्रमाण दहा टक्के बिंदूंनी वाढलं, तर कॉलेजात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण एका टक्के बिंदूने वाढतं, नोकरी करणाऱ्यांचं एक ते दोन टक्के बिंदूंनी. आकडा छोटा वाटेल. पण तो जिंकणाऱ्यांचा नाही, नुसतं खेळणाऱ्यांचा आहे. एकीच्या गळ्यात पदक घालण्यापेक्षा चाळीसजणींना मैदानावर आणणं जास्त टिकतं, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो.

पुरस्कार आणि पुढचं आयुष्य यांचं नातं खो-खोत जवळून बघता येतं. या खेळात किशोरी गटातल्या सर्वोत्तम खेळाडूला ‘इला’ आणि कुमारी गटात ‘जानकी’ पुरस्कार मिळतो, म्हणजे ऐन शाळा-कॉलेजच्या वयात. केज तालुक्यात मूळ असलेल्या प्रियांका इंगळेला ‘इला’ मिळाला होता. पुढे ती आयकर खात्यात नोकरीला लागली, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. लातूरला लागून असलेल्या धाराशिवच्या सारिका काळेची गोष्ट आणखी खडतर. घरी कित्येक वर्षं एकवेळच्या जेवणावर भागवावं लागलं, हे तिनेच सांगितलंय. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताला सुवर्ण मिळालं, आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार. खो-खोला हा मान 22 वर्षांनी मिळत होता. त्या वेळी ती तुळजापुरात तालुका क्रीडा अधिकारी होती. शाळांच्या तालुका स्पर्धा भरवतं ते हेच कार्यालय.

या दोघींचा खेळ दहावीत सुटला नाही, हे त्यांच्या चषकांपेक्षा महत्त्वाचं. शालेय स्पर्धांत 19 वर्षांखालचा गट आहे, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांनाही जागा आहे. फक्त क्लासच्या वेळापत्रकात संध्याकाळचा तास उरत नाही. प्रवेशातही खेळाला जागा देता येते: आयआयटी मद्रासने 2024-25 पासून प्रत्येक बी.टेक. शाखेत खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलीसाठी. जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हावंच लागतं, तरीही राष्ट्रीय पातळीवरचा खेळ तिथे मोजला जातो. असा एखादा नियम उद्या वैद्यकीय प्रवेशाला लागू झाला, तर लातूरचे क्लासवाले महिन्याभरात मैदान भाड्याने घेतील.