टँकला उड्या मारायला शिकवणारा माणूस: जे. वॉल्टर क्रिस्टी

घरातल्या किंवा शेजारच्या स्विफ्टचं बॉनेट कधी उघडून बघितलंय? इंजिन आडवं बसवलेलं दिसतं, म्हणजे डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे. गाडी ओढायचं काम पुढची चाकं करतात, मागची नुसती सोबत फिरतात. आज बहुतेक छोट्या गाड्या अशाच असतात, म्हणून आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण १९०४ च्या सुमारास जवळपास सगळ्या गाड्या मागच्या चाकांवर चालायच्या. त्या काळात अमेरिकेत एक माणूस आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद अशी गाडी बनवून थेट शर्यतीत उतरला. त्याचं नाव जॉन वॉल्टर क्रिस्टी.

गंमत म्हणजे याच माणसाने बनवलेली रचना पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या सगळ्यात गाजलेल्या रशियन टँकखाली गेली. आणि तीही त्याच्या स्वतःच्या देशाने नीट न वापरता!

शर्यतीपासून अग्निशमन दलापर्यंत

क्रिस्टीचा जन्म १८६५ चा, न्यू जर्सी राज्यातला. सोळाव्या वर्षी तो न्यूयॉर्कमधल्या डेलामेटर आयर्न वर्क्स या कारखान्यात कामाला लागला. सोबत कूपर युनियन या संस्थेत वर्ग केले. म्हणजे आधी हात काळे झाले, पुस्तकं नंतर आली. युद्धनौकांवरच्या तोफांशी संबंधित यंत्रांच्या कामात त्याचा जम बसला आणि मग त्याला गाड्यांनी झपाटलं.

त्याच्या शर्यतीच्या गाडीत इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, पुढच्या चाकांच्या रेषेतच असायचा आणि ताकद जवळपास थेट चाकांना जायची. १९०५ च्या व्हँडरबिल्ट कप शर्यतीत सगळ्यात पुढे असलेल्या विन्सेंझो लान्चाची (हो, पुढे लान्चा कंपनी काढणारा तोच!) आणि क्रिस्टीची टक्कर झाली. लान्चाच्या हातातली शर्यत गेली. १९०७ मध्ये क्रिस्टी फ्रान्सच्या ग्राँ प्रीत उतरला तो जवळपास २० लिटरचं इंजिन घेऊन. आपल्या स्विफ्टचं असतं १.२ लिटरचं! अर्थात काही फेऱ्यांतच गाडी बाद झाली.

अडचण कल्पनेत नव्हती. पुढच्या चाकाला वळायचंही असतं आणि ओढायचंही असतं. दोन्ही एकदम जमायला जे जॉइंट लागतात, ते तेव्हा हवे तेवढे चांगले नव्हतेच. हीच मांडणी घराघरात पोचायला १९५९ ची ब्रिटिश मिनी यावी लागली.

क्रिस्टीला पैसे मिळाले ते भलत्याच ठिकाणी. तेव्हा आगीचे बंब घोडे ओढायचे. पंप चांगले होते, पण घोड्यांचा जमाना संपत आला होता. क्रिस्टीने दोन चाकांचं एक इंजिन-युनिट बनवलं: घोडे सोडा, त्यांच्या जागी हे जोडा, बंब तोच. अशी काहीशे युनिट्स विकली गेली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात शहाणं प्रॉडक्ट. ग्राहकाकडे जे आहे ते फेकायला न लावता काम होतं.

स्प्रिंगची गोष्ट

पहिल्या महायुद्धानंतर तो टँककडे वळला. त्या काळातले टँक रांगायचे. अमेरिकेचा एम१९१७ टँक ताशी ९ किलोमीटरच्या आसपास जायचा. सायकलवाला सहज मागे टाकेल!

इंजिन मोठं लावलं की वेग वाढेल, असं वाटेल. पण खड्ड्यात टँक इतका आपटतो की आतली माणसं आणि यंत्रं दोन्ही खिळखिळी होतात. वेग हवा तर चाकाला वर-खाली व्हायला भरपूर जागा हवी, त्यासाठी लांब स्प्रिंग हवी, आणि टँकच्या पोटाखाली लांब स्प्रिंग ठेवायला जागाच नसते.

क्रिस्टीने काय केलं? प्रत्येक मोठ्या चाकाला स्वतःचा हात दिला, आपल्या बाईकच्या मागच्या चाकाला स्विंगआर्म असतो तसा. आणि स्प्रिंग खाली न ठेवता टँकच्या बाजूच्या दुहेरी भिंतीच्या आत बसवली. आता स्प्रिंग हवी तेवढी लांब! एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमिनीवरच राहतात.

१९२८ साली त्याने हा टँक लष्कराला चालवून दाखवला. विमानाचं लिबर्टी इंजिन बसवलेला हा साडेआठ टनांचा टँक पट्ट्यांवर ताशी सुमारे ६८ किलोमीटर पळाला. लोखंडी पट्टे तेव्हा लवकर झिजायचे, म्हणून ते काढून नुसत्या चाकांवर रस्त्याने जायचीही सोय होती. तेव्हा वेग ११० च्या पुढे. क्रिस्टीने त्याला नाव दिलं एम१९४०, कारण त्याच्या मते हा बारा वर्षं पुढचा टँक होता. नम्रपणा हा त्याचा विषय नव्हता.

मग बिनसलं कुठे?

'देशाने कदर केली नाही' असं सरळ म्हणता येणार नाही. लष्कराने सात टँक घेतले होते. पण लष्कराला आपल्या अटींनुसार टँक हवा होता आणि क्रिस्टीला स्वतःच्या मनासारखा. लष्कर जाड चिलखत मागायचं, तो म्हणायचा वेग हेच चिलखत. एक मॉडेल पक्कं व्हायच्या आत तो पुढच्यावर उडी मारायचा. पुढे तर त्याने विमानाने उचलून न्यायच्या टँकचीही कल्पना मांडली. पैसा मात्र संपत चालला होता.

१९३० च्या अखेरीस त्याने दोन टँक सोव्हिएत युनियनला पाठवले. अमेरिकेचे तेव्हा त्या देशाशी राजनैतिक संबंधही नव्हते. टँकचे बुरुज काढलेले होते आणि कागदावर लिहिलं होतं: शेतीचे ट्रॅक्टर.

सोव्हिएत इंजिनिअरांनी त्यावरून बीटी टँकची मालिका काढली. उड्या मारणाऱ्या टँकचे जुने कृष्णधवल व्हिडिओ बघितले असतील तर ते बहुधा हेच. १९३६ मध्ये ब्रिटिश अधिकारी गिफर्ड मार्टेल यांनी ते रशियात पळताना पाहिले. मग ब्रिटननेही क्रिस्टीकडून एक टँक विकत आणला, आणि क्रुसेडर, क्रॉमवेल हे टँक त्याच वाटेने आले.

मिखाईल कोश्किन यांच्या टीमने बीटीच्या पुढे जाऊन टी-३४ बनवला. पट्टे काढून चाकांवर पळण्याची सोय त्यांनी सोडून दिली, तिरकं जाड चिलखत आणलं, डिझेल इंजिन बसवलं आणि क्रिस्टीच्या स्प्रिंगा ठेवल्या. असे ८०,००० हून जास्त टँक बनले. क्रिस्टी ज्या तडजोडीला तयार नव्हता, तीच करून त्याची कल्पना लढाईत उतरली.

या रचनेत खोटही होती. स्प्रिंगा बाजूच्या भिंतीत बसत असल्याने आत माणसांची जागा जायची, आणि टँक थांबला की पुढे-मागे डोलत राहायचा. म्हणून टी-४४ पासून सोव्हिएतांनीच त्या काढून टॉर्शन बार, म्हणजे पिळून ताण घेणारे पोलादी दांडे लावले.

क्रिस्टी जानेवारी १९४४ मध्ये व्हर्जिनियात वारला. तेव्हा टी-३४ जर्मन सैन्याला पश्चिमेकडे रेटत होते. अमेरिकेचे शर्मन टँक इटलीत लढत होते, आणि त्यांच्या चाकांवर स्प्रिंगा होत्या त्या वेगळ्याच, आखूड.