मूल हवंय, आणि डॉक्टर 'थांबा' म्हणतात (लेखांक ४)

आल्मेरेत राहणाऱ्या मराठी जोडप्यांची एक तक्रार नेहमीची : 'वर्ष उलटलं तरी इथले डॉक्टर थांबा म्हणतात. पुण्यात असतो तर एव्हाना उपचार सुरू झाले असते.' गेल्या आठवड्यात पाळीचं चक्र समजून घेतलं. आज या थांबण्यामागचा हिशेब पाहू.

नेदरलँड्समध्ये आधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जायचं. तिथून तज्ज्ञासाठी चिठ्ठी मिळते. तपासण्यांत ठळक दोष सापडला नाही, तर पत्नीचं वय, किती काळ प्रयत्न चालू आहेत, आधी कधी दिवस गेले होते का, शुक्रजंतूंची हालचाल कशी आहे, यांवरून पुढच्या वर्षभरात आपोआप दिवस जाण्याची शक्यता काढतात. ती ३० टक्क्यांच्या वर असली, की किमान सहा महिने वाट पाहायला सांगतात. मला हे पटतं. जे निसर्गतः होण्याजोगं आहे, त्यासाठी बाईने हॉर्मोनची इंजेक्शनं का टोचून घ्यावीत?

मात्र हा हिशेब पूर्ण माहितीवरच बरोबर येतो. लहानपणी टीबी झाला असेल, तर गर्भनलिका बंद असू शकतात. भारतात डॉक्टर हे आवर्जून विचारतात. इथे टीबी दुर्मिळ, म्हणून प्रश्न राहून जाऊ शकतो. वयात आल्यावर पुरुषाला गालगुंड होऊन वृषण सुजले होते का, हेही सांगायला हवं. पाळी अनियमित असेल किंवा पत्नीचं वय पस्तिशीपुढे असेल, तर वर्षभर थांबूच नये.

आणि नवऱ्याची तपासणी? सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असतं, तरी आपल्याकडे आधी सुनेलाच दवाखान्यात नेतात. ही तपासणी तर सगळ्यांत सोपी. घरी नमुना घेतला, तर डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायची. थंडीत सायकलच्या टोपलीत टाकून नेली, तर जंतूंची हालचाल मंदावते. निकाल वाईट आला तरी लगेच खचू नका. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. मधला एखादा सणसणीत तापही आकडे पाडतो. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

गर्भनलिकांच्या तपासणीबद्दल इथल्याच २७ रुग्णालयांत झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एक्स-रेसाठी तेलयुक्त द्रव वापरलेल्या स्त्रियांपैकी ३९.७ टक्के सहा महिन्यांत गरोदर राहिल्या. पाण्याचा द्रव वापरलेल्यांत हे प्रमाण २९.१ टक्के होतं. कोणता द्रव वापरणार, हे जरूर विचारा.

आयव्हीएफची वेळ आलीच, तर पत्नीच्या ४३व्या वाढदिवसापर्यंत तीन प्रयत्नांचा खर्च मूळ आरोग्यविम्यात बसतो. स्वतःच्या वाट्याची ठरावीक रक्कम तेवढी भरावी लागते. ३८च्या आत पहिल्या दोन प्रयत्नांत एकच गर्भ सोडतात, कारण जुळ्यांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो.

तेव्हा पुढच्या भेटीला दोघांनी मिळून जा, आणि जुन्या आजारांची यादी न विचारताच डॉक्टरांपुढे ठेवा.