डिश नेमकी कशावर रोखायची?

पहिल्या वर्षी मी आमची ३ मीटरची डिश एका भूस्थिर उपग्रहावर लावली, सिग्नल कमाल आला आणि काम झालं असं समजले. डिश दुसऱ्या दिशेला वळवल्यावर मात्र स्रोत सापडेना. चुकलं कुठे?

भूस्थिर उपग्रह आकाशात जवळपास एकाच जागी दिसतो. सिग्नल जोरदार, पण तपासणी एकाच दिशेची. डिशचा खांब किंचित कललेला असेल, तर ती चूक तिथे दिसतच नाही.

सूर्य तासाला सुमारे १५ अंश सरकतो, त्यामुळे दिवसभरात अनेक दिशा तपासता येतात. पण त्याची रुंदी अर्धा अंश, आणि १२ गिगाहर्ट्झला आमच्या डिशचा बीम साधारण ०.६ अंश. म्हणजे सूर्य जवळपास बीमएवढाच! शिवाय सौरडागांजवळून जास्त रेडिओ ऊर्जा आली, की त्याचा मध्य सरकल्यासारखा वाटतो. कॅसिओपिया ए खूपच लहान आहे, पण एवढ्या डिशला फार क्षीण.

म्हणून आता मी दोन्ही वापरते: उपग्रहावर शून्य ठरवायचं, सूर्यावर खांबाचा कल शोधायचा. आणि कमाल सिग्नलच्या मागे लागू नका, तिथे आलेख सपाट असतो. पार्श्वभूमी वजा करून, दोन्ही बाजूंना सिग्नल जिथे निम्मा होतो ते कोन नोंदवा आणि त्यांचा मध्य घ्या.