गेम एकच, मशीन दोन! गावी कन्सोल नेण्याआधी हे तपासा

साकीनाका : सुट्टीत गावी जाताना घरच्या पोरांसाठी गेमचं मशीन न्यायचा बेत साकीनाक्याला कामाला असलेल्या कुणाचा असेल, तर पहिला प्रश्न ठरलेला. प्लेस्टेशन घ्यायचं की एक्सबॉक्स? हवा तो गेम दोन्हींवर मिळत असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

अशा गेमला मल्टिप्लॅटफॉर्म म्हणतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' हा गेम 2020 मध्ये निन्टेंडो स्विच, प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन आणि कॉम्प्युटर अशा चारही ठिकाणी आला. खेळ तोच असतो आणि घरच्या साध्या टीव्हीवर चित्रातला फरक सहज कळत नाही. त्यामुळे निवड दुसऱ्याच गोष्टींवर करायची.

डिस्क की डाउनलोड?

गावासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा. भारतात 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 आलं तेव्हा डिस्कवालं 49,990 रुपयांना होतं आणि बिनडिस्कचं डिजिटल 39,990 ला. एक्सबॉक्स सिरीज एसलाही डिस्क लागत नाही. दहा हजार वाचले असं वाटतं, पण मग प्रत्येक गेम नेटवरून उतरवावा लागतो. 'रेड डेड रिडेम्प्शन 2' सारखा गेम 100 जीबीच्या पुढे जातो. मोबाईलचा रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर हिशेब करा, दोन महिन्यांहून जास्त लागतील! गावात फायबर नसेल तर डिस्कवालंच मशीन बरं. काही गेमना डिस्क असूनही थोडं डाउनलोड लागतंच. पण डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राशी बदलता येते. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याला चिकटलेला राहतो.

मित्रांकडे काय आहे?

एका कंपनीची डिस्क दुसऱ्या मशीनवर चालत नाही. आळीतल्या पोरांकडे जे मशीन आहे तेच घेतलं, तर डिस्कची देवाणघेवाण होते. फोर्टनाइट, माइनक्राफ्टसारखे गेम वेगवेगळ्या मशीनवरूनही एकत्र खेळता येतात. मात्र विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला दोन्हीकडे बहुतेक वेळा वेगळी वर्गणी भरावी लागते, तो खर्च आधीच धरा.

घेताना

- पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. बाहेरून आणलेलं मशीन स्वस्त मिळतं, पण बिघडलं की दुरुस्तीला दाद मिळणं अवघड.
- जुनं घेत असाल तर दुकानातच डिस्क चालवून बघा, स्वतःच्या खात्याने ऑनलाइन लॉगिन होतं का तेही बघा.
- गावी लाईट ये-जा करते. अपडेट चालू असताना वीज गेली तर डेटा खराब होऊ शकतो, म्हणून छोटा यूपीएस जोडा.

थोडक्यात, आधी गावचं नेट आणि पोराचे मित्र विचारा, मग मशीनचं नाव ठरवा.